नेरूळच्या खाडीकाठी एकाच फेरीत रोहित पक्षी आणि रानफुले पाहता येतील का?

कोपरीकर:
नमस्कार. आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो. माझे वडील 72 वर्षांचे आहेत आणि दीड-दोन किलोमीटरहून अधिक चालणे त्यांना झेपत नाही. मात्र वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे फुलांचे नाव काढले की ते कुठेही यायला तयार होतात. मुलीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायचे आहेत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही नेरूळच्या टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागील पाणथळीवर भर दुपारी पोहोचलो, तेव्हा चार-दोन शेकाट्यांखेरीज (लांब पायांचे पाणपक्षी) काहीच दिसले नाही. दोन्ही गोष्टी साधतील असा महिना कोणता?

खाडीकाठचा:
आपला महिना चुकला नव्हता, वेळ चुकली असावी. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित तेथे चरायला पांगतात. भरतीचे पाणी चिखलावर चढले की उभे राहायला जागा उरत नाही, म्हणून ते थव्याने उठून नेरूळच्या उथळ पाणथळींत विसाव्याला येतात. त्यामुळे या काठावर भरतीच्या सुमारासच जावे. भरतीची वेळ काढण्यासाठी आमच्याकडचे जुने कोळी तिथीची पाऊणपट करतात: दशमी असेल तर साडेसात, द्वादशी असेल तर नऊ, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य. खाडीच्या आत पाणी थोडे उशिरा चढते, म्हणून अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा. द्वादशीचा रविवार मिळाला तर उत्तम, कारण ऊन चढण्यापूर्वी सारे उरकते. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती असते, पाणी फारसे चढत नाही आणि पक्षी खाडीतच राहण्याचा संभव असतो. पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला.

तिवरप्रेमी:
फुलांबद्दल थोडे स्पष्ट सांगावे लागेल. तेरडा, कवला, कळलावी ही टेकडीवरची फुले पावसाळ्यातली आहेत, आणि तेव्हा रोहित येथे नसतात. त्यांच्यासाठी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये बेलापूरच्या पारसिक टेकडीची वेगळी फेरी ठेवावी. वरपर्यंत गाडीरस्ता असल्याने वडिलांना चढ चढावा लागणार नाही. (खारघरला पांडवकड्याच्या बाजूला पावसाळ्यात बहुधा बंदी असते, तो बेत नको.)

तरीही आपले वडील वनस्पतिशास्त्राचे असतील तर एप्रिल-मेमध्ये खाडीकाठीच त्यांना पुष्कळ मिळेल. मारांडी या कांदळवनातल्या (खाऱ्या पाण्यातल्या झाडीतल्या) झुडपाची निळी-जांभळी फुले याच दिवसांत येतात. तिची पाने काटेरी कडांची असतात, म्हणून मुलीला जपून हात लावू द्यावा. तिवराचा फुलोरा बारीक, पिवळसर-नारिंगी असतो आणि त्यावर मधमाश्यांची झुंबड असते. त्याचे पान जिभेला लावून पाहिल्यास खारट लागते, कारण हे झाड शोषलेले जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पांढऱ्या चिप्पीची फुले रात्री उमलतात आणि सकाळी खाली पुंकेसरांचा सडा दिसतो. 2020 साली महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केले. माझे मत विचाराल तर टेकडीवरच्या फुलांपेक्षा मला हीच अधिक आवडतात, पण छायाचित्रांत ती कुणी फारशी टाकत नाही.

ऐरोलीकर:
चालणे कमी हवे असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राचाही विचार करावा. कांदळवनातून लाकडी पायवाट आहे, बोटीतून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात जाता येते. बोटींच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे नोंदणी आधीच करावी. अभयारण्य 2015 साली घोषित झाले आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. चिखलात निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) उड्या मारताना दिसतात. आमचा भाचा रोहित सोडून त्याच पाहत बसला होता.

कोपरीकर:
सर्वांचे आभार. मुलीला लहान आणि मोठा रोहित वेगळा कसा ओळखायचा, हे कुणी सांगेल का?

खाडीकाठचा:
चोच पाहायला सांगावी. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी असून फक्त टोक काळे असते. लहान रोहिताची चोच गडद लाल, दुरून काळपटच वाटते. पिल्ले दोघांचीही करड्या रंगाची असतात, त्यांना आजारी समजू नये.