पन्नास रुपयांचा दंड आणि उसाच्या गाडीचा बैल

कृष्णाकाठ (कराड)

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे आणि त्याच्या कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये इतकाच आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा घडला, तर २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. यंदाच्या गळीत हंगामात चढाला अडकलेल्या टायरगाडीचा डावा बैल गुडघ्यांवर बसलेला मी पाहिला. गाडीवान त्याला पराणीने टोचून उठवत होता. बैलाच्या खांद्यावरचे आवाळू, म्हणजे सुजेची गाठ, जुवाने सोलवटून निघाले होते आणि त्यावर हळद दाबलेली होती. मी पोलिसांकडे तक्रार दिली, तेव्हा गुन्हा अदखलपात्र असल्याने न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येणार नाही, असे सांगून माझ्या हाती नोंदीची प्रत देण्यात आली. नियमाने ते बरोबरच होते. माझा संताप त्या नियमावरच आहे.

आपल्याच राज्याने २०१७ मध्ये बैलगाडा शर्यतींसाठी या कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा अटी मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. मग पुसेगावच्या यात्रेत पळणाऱ्या बैलाला जे संरक्षण मिळते, ते कारखान्याच्या वाटेवरच्या बैलाला का मिळू नये? सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू या तमिळनाडूतील बैलांच्या खेळाविषयीच्या ७ मे २०१४ च्या निकालात शिक्षा वाढवण्याची अपेक्षा संसदेकडून व्यक्त केली होती. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदाही काढला, परंतु त्याचा कायदा काही झाला नाही.

माणदेशी (आटपाडी)

ती हळद गाडीवानानेच लावली असणार, याचा आपण विचार केलेला दिसत नाही. बीडहून किंवा आमच्या शेजारच्या जतमधून येणारा ऊसतोड मजूर टोळी जमवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर घेऊनच हंगामाला निघतो. मजुरी टनावर मिळते, म्हणून प्रत्येक खेपेला गाडी मापाबाहेर भरली जाते, आणि बैल बसला तर त्याचे स्वतःचेच भांडवल बसते. शर्यतीचा बैल लाखांत घेणारा मालक पाच लाखांचा दंड सोसू शकेल. तोच दंड या माणसाला लावला, तर पुढच्या हंगामाची उचल तेवढी वाढेल, बाकी काही बदलणार नाही.

कृष्णाकाठ

त्याच्या गरिबीविषयी माझे दुमत नाही. पण तिचा भार बैलाने किती वाहावा, याला काही मर्यादा हवी की नको?

एक वकील (सांगली)

ती मर्यादा कायद्यात आहे. ओझी वाहणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांत बैलाचा आकार आणि गाडीच्या चाकांचा प्रकार पाहून वजन ठरवून दिलेले आहे. दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल, तर दुपारी बारा ते तीन या वेळेत बैल जुंपता येत नाही. अणकुचीदार पराणीलाही मनाई आहे.

अडचण खटल्याच्या वाटेवर आहे. १९६० च्या कायद्याच्या कलम ३६ नुसार गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो, आणि तपासाचा आदेश, पशुवैद्यकीय दाखला, साक्षीदारांचे जबाब यांतच ती मुदत संपते. खटला उभा राहिलाच, तर आरोपी गुन्हा कबूल करतो, पन्नास रुपये भरतो आणि त्याच दुपारी बैल जुंपतो. न्यायाधीशांना दोष देऊन उपयोग नाही, कारण कायद्यात नसलेली शिक्षा ते देऊ शकत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण त्यासाठी प्राणी मारला गेला, अपंग झाला किंवा निरुपयोगी झाला, हे सिद्ध करावे लागते. सोलवटलेल्या खांद्याला ते लागू पडणे अवघड.

मात्र १९६० च्या कायद्याचे कलम ११ जादा ओझे लादणाऱ्याबरोबरच ते लादायला लावणाऱ्यालाही गुन्हेगार धरते. प्रत्येक गाडीचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि त्याची पावती निघते. पुरावा रोज आपोआप तयार होत असताना तो मागवण्याचे कोणी मनावर घेत नाही, याची मला अधिक चीड येते.

माणदेशी

कारखाना म्हणेल की आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी आहे, ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवेल, आणि पावतीवर नंबर गाडीवानाचाच असेल. तुमच्या पुराव्याने अखेर तोच सापडेल.

एक वकील (सांगली)

म्हणूनच फिर्यादीत पहिले नाव गाडीवानाचे घालू नये. मर्यादेपेक्षा जास्त वजनाची गाडी काट्यावर उतरवून घेणारा, त्या वजनावर हिशेब करणारा आणि त्या उसाचे गाळप करणारा ओझ्याविषयी अनभिज्ञ होता, हे न्यायालयात सांगणे सोपे नाही.

कृष्णाकाठ

असे होणार असेल, तर गाडीवानाला वगळून तक्रार द्यायला मी तयार आहे. बैलगाडीच्या वाहतुकीचा टनामागचा दर वाढावा, हा माणदेशींच्या बोलण्याचा रोखही मला मान्य आहे. परंतु दर वाढेपर्यंत तक्रारी थांबवाव्यात असे त्यांचे म्हणणे असेल, तर ते मला मान्य नाही. दंड पाच लाख नसला तरी चालेल, पण गुन्हा दखलपात्र झालाच पाहिजे.