ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमध्ये स्कूबा : बुकिंगआधी काय विचारावं, दिवस कसे लावावेत?

निळाई विचारते :

आम्ही तिघं सात रात्रींचं ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेज बघतोय. माहितीपत्रकात 'स्कूबा डायव्हिंगसह' एवढी एकच ओळ आहे. माझं ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला सर्टिफिकेट कोर्स) झालंय, पण दोन वर्षांत पाण्यात उतरलेली नाही. नवऱ्याला तिथेच कोर्स करायचाय. त्याला लहानपणी दमा होता, आता औषध बंद आहे. मुलगी १० वर्षांची, पोहायला पक्की. परतीचं विमान आठव्या दिवशी सकाळी ६ वाजता. पैसे भरण्याआधी रिसॉर्टला काय काय विचारू? आणि दिवस कसे लावू?

खोलपाणी :

आधी हे विचारा की डाइव्ह सेंटर रिसॉर्टचं स्वतःचं आहे की जागा भाड्याने घेऊन दुसरं कुणी चालवतं. बरेचदा दुसरं कुणी चालवतं, आणि मग मनगटावरच्या पट्ट्यावर, म्हणजे पॅकेजच्या पैशात, तिथे तरण तलावातला एक सराव मिळतो, फार तर हाउस रीफवर (रिसॉर्टसमोरच्या प्रवाळावर) किनाऱ्यावरून एखादी डाइव्ह. बोट डाइव्ह, रात्रीची डाइव्ह, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा), सागरी उद्यानाचं शुल्क, डाइव्ह कॉम्प्युटरचं (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणाऱ्या यंत्राचं) भाडं हे सगळं वेगळं लागतं. सिलिंडर आणि वजनं सहसा धरलेली असतात. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं साधन), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) आणि वेटसूट (अंग ऊबदार ठेवणारा पोशाख) धरलेत का ते विचारावं लागतं. म्हणून ईमेलवर लेखी घ्या : माणशी किती बोट डाइव्ह, कोणती साधनं धरलेली, हवामानामुळे बोट सुटली नाही तर पैसे परत की दुसरा दिवस. एका गाइडमागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन आहे का, सर्वांत जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतरच्या दाबाच्या आजारावर उपचाराचा दाबकक्ष) किती तासांवर, हेही त्याच ईमेलमध्ये. सुरक्षिततेच्या या प्रश्नांना जे सेंटर चटकन, नेमकं उत्तर देतं, तिथे मी थोडे जास्त पैसे मोजायला सांगेन.

आता दिवस. परतीच्या विमानापासून उलटे मोजत या. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, रोज किंवा दिवसात एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास, आणि डीकम्प्रेशन थांबे (वर येताना अंगातला नायट्रोजन बाहेर पडू देण्यासाठी सक्तीचे थांबे) घ्यावे लागलेल्या डाइव्हनंतर १८ तासांहून बराच जास्त वेळ. हे तास पाण्याबाहेर आल्यापासून धरायचे. सकाळी ६ चं विमान म्हणजे १८ तासांच्या हिशेबाने सातव्या दिवशी दुपारी १२ ला शेवटची डाइव्ह संपलेली हवी. पण पुष्कळ सेंटर सरसकट २४ तास पाळतात आणि तेच बरं. म्हणजे सातवा दिवस कोरडाच ठेवा; वेटसूट, बूट धुऊन वाळवायलाही तो लागतोच. त्या दिवशी डोंगरावरची सहल मात्र घेऊ नका. साधारण ६०० मीटरच्या वर गेलात की शरीराच्या दृष्टीने ते विमानासारखंच.

तुमच्यासाठी : दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्ट्रक्टरबरोबर रिफ्रेशर, म्हणजे उजळणी. मास्कमध्ये पाणी भरून काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर परत शोधणं, एका जागी तरंगत राहणं, एवढं तलावात करून मगच रीफवर जा. लॉगबुक आणि सर्टिफिकेटचा फोटो जवळ ठेवा.

शंखनाद :

नवऱ्याच्या कोर्सबद्दल. ओपन वॉटरमध्ये तलावातला सराव आणि त्यानंतर समुद्रात चार डाइव्ह असतात. त्या चार एका दिवसात उरकत नाहीत, किमान दोन दिवस लागतात. सगळं मिळून तीन ते चार दिवस. थिअरी घरूनच ऑनलाइन संपवून जा, नाहीतर सुट्टीच्या संध्याकाळी खोलीत बसून परीक्षेचा अभ्यास होतो. जमलं तर तलावाचा भागही आधीच करून रेफरल (उरलेला भाग दुसरीकडे पुरा करायचं पत्र) घ्या; मग रिसॉर्टवर फक्त समुद्रातल्या चार डाइव्ह उरतात.

पण सर्वांत आधी दम्याचं बघा. उतरण्यापूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात आणि त्यात दम्याबद्दलही प्रश्न असतो. 'हो' आलं की डॉक्टरची सही असल्याशिवाय सेंटर पाण्यात सोडत नाही. तिथे गेल्यावर डॉक्टर शोधण्यात दोन दिवस जातात, म्हणून निघण्याआधीच फुप्फुसांची तपासणी करून सही घ्या. सही नको म्हणून 'नाही' लिहायचा मोह कृपया टाळा. श्वासनलिका आकसली तर फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकते; वर येताना बाहेरचा दाब घटतो, ती हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. अगदी दोन-तीन मीटरवरूनही हे होऊ शकतं.

मुलगी १० वर्षांची असल्याने ज्युनिअर ओपन वॉटर करू शकते. १० आणि ११ वर्षांच्या मुलांना मर्यादा १२ मीटरची, आणि सोबत सर्टिफाइड पालक किंवा इन्स्ट्रक्टर हवा. या सुट्टीत तिच्या सोबतीला इन्स्ट्रक्टरच ठेवा, कारण तुम्ही स्वतः पुन्हा सवय करत असाल. लहान मापाचा बीसीडी, मास्क आणि रेग्युलेटरचा छोटा माउथपीस आहे का ते आधी विचारा. मोठा माउथपीस धरून जबडा दुखतो आणि मूल तोंडातून काढू बघतं. मुलांना थंडीही लवकर वाजते; ओठ निळसर दिसले की डाइव्ह तिथेच संपवायची.

कानांचं तिघांनाही लागू आहे. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, त्यामुळे सगळ्यात जास्त फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही पाण्याच्या वर असतानाच सुरू करायचं आणि दर अर्ध्या-एक मीटरला करत राहायचं. दुखायला लागेपर्यंत थांबू नका, तोवर कानातून घशाकडे जाणारी नळी दाबाने मिटलेली असते. दडा बसला तर मीटरभर वर या, पुन्हा हलकेच करून बघा. जोर लावून फुंकल्याने आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते. पाय खाली ठेवून, दोरीला धरून उतरलं तर सोपं जातं. सर्दी असेल तर औषध घेऊन उतरू नका : खाली असताना औषधाचा असर ओसरला तर वर येताना कान अडकतात, आणि तेव्हा वर तर यावंच लागतं.

निळाई :

खूप उपयोगी. स्वतःचं काय न्यावं आणि भाड्याचं सामान घेताना काय बघावं?

भरतीओहोटी :

स्वतःचा मास्क न्या, आणि जमलं तर डाइव्ह कॉम्प्युटर. बाकी भाड्याने चालतं. मास्क बघताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने किंचित श्वास ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. नव्या काचेवर आतून कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे कितीही पुसलं तरी धुकं येतं. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून धुवा.

भाड्याचा रेग्युलेटर जोडल्यावर प्रेशर गेजवर नजर ठेवून तीन-चार खोल श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकून परत वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. वर जाणवत नाही, पण २० मीटरवर हवा कमी पडते. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर सिलिंडर बदलून घ्या. बीसीडीत हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडा. ते अडकत असेल तर बीसीडी आपोआप फुगत राहतो आणि तुम्हाला झपकन वर नेतो. जोडाजवळ फुसफुस ऐकू आली तर बहुतेक वेळा ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) गेलेली असते, मिनिटभराचं काम असतं.

वजन अंदाजाने लावू नका. बीसीडी रिकामा करून, साधा श्वास रोखून उभं तरंगताना पाणी डोळ्यांच्या रेषेत हवं. ही चाचणी भरलेल्या ॲल्युमिनियम सिलिंडरवर केली तर साधारण दोन किलो जास्त लावा, कारण हवा संपत आली की ते तेवढं हलकं होतं. नवखे लोक भरमसाट वजन घेतात, मग बीसीडीत सतत हवा भरत-सोडत बसतात आणि सिलिंडर लवकर संपतं.

हवेचा हिशेब असा : ११ लिटरचं सिलिंडर, २०० बार दाब, त्यातले ५० राखीव. वापरायला १५० गुणिले ११ म्हणजे १,६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणाऱ्याला १० मीटरवर ४० लागतात, म्हणजे साधारण ४१ मिनिटं. २० मीटरवर ६० लागतात, म्हणजे जेमतेम २७. तुमच्या पहिल्या डाइव्ह १० ते १२ मीटरवरच मागून घ्या. रीफचा रंग आणि मासे तिथेच जास्त दिसतात, लाल रंग तर खाली उरतच नाही.

लाटांवरून :

एक राहिलं. बार दिवसभर खुला असतो, तेव्हा दारू दिवसाची शेवटची डाइव्ह झाल्यावर, तीही बेताने. दारूने अंगातलं पाणी कमी होतं, त्यात ऊन आणि सिलिंडरची कोरडी हवा, त्यामुळे बेंड्सचा (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा) धोका वाढतो. डाइव्हनंतर लगेच गरम पाण्याचा टब आणि मसाजही नको. मसाजने अंग दुखतंय की बेंड्सने, हे कळत नाही. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा सावकाश, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा.

त्यानंतर सांधा दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, विचित्र थकवा, यांपैकी काहीही जाणवलं तर झोपून बघू म्हणू नका. सेंटरला सांगून शुद्ध ऑक्सिजन लावून घ्या आणि विम्याच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. विमा घेताना त्यात चेंबरचे उपचार आणि तुम्ही पाण्यात जितकं खोल उतरणार ते धरलेलं आहे का ते वाचून घ्या, साध्या प्रवास विम्यात बरेचदा किती मीटर खोल उतरायचं याची मर्यादा असते. ऑक्सिजनवर बरं वाटलं तरी डॉक्टरकडे जाच, कारण लक्षणं काही तासांनी परत येऊ शकतात.