अनुभव धागा : वावरातलं काम, खांद्यांचं दुखणं आणि योगासनं

सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) झाली की कापसाची वेचणी सुरू होते, आणि वेचणी सुरू झाली की घरोघरी रात्री खांद्यांना तेल चोळणं सुरू होतं. पुरुषांचे खांदे तर त्याआधीच, पावसाळ्यात फवारणीच्या पंपाने धरलेले असतात. हंगामात ‘आराम करा’ हा सल्ला कोणाच्याच उपयोगाचा नाही. म्हणून काम चालू ठेवून ज्यांनी आसनांनी खांदे मोकळे केले, बळकट केले, त्यांनी लिहावं. काय मानवलं नाही तेही लिहा.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. फळ्यावर लिहून उजवा खांदा जड व्हायचा. मला सगळ्यात जास्त मार्जारासनाने बरं वाटलं. पाठ वर-खाली करताना खवाट्यांमधली जागा उघडते, ते चक्क जाणवतं. पोरांसोबत परिपाठानंतर करते.

वेचणीवाली, दर्यापूर तालुका
वेचतानी मान खाली अन् दोन्ही हात समोर, दिवसभर. कंबरेले बांधलेली कापसाची ओटी भरत आली का खांदे कानाकडं चढते, आपल्याले समजतही नाही. आमच्या आशाताईनं सांगतलं का बाई, दिवसभर हात समोर रायते तं मंधामंधात मांगंही नेत जा. आता ओटी रिकामी केली का मी धुऱ्यावरच उभी रायतो, हात मांगं गुंफतो, खवाटे एकमेकांजवळ आणतो अन् सावकाश श्वास घेतो. साडीवर होते, कोणाले काही वाटत नाही. रात्री भिंतीले तळवे टेकून कंबरेतून वाकतो, डोकं दोन्ही हाताच्या मंधात. त्यानं तं काखेपासून कंबरेलोक ताण सुटते. शेजारच्या बायाही करून रायल्या आता.

फवारणी करणारा, सेलू, जि. वर्धा
१६ लिटरचा पंप भरला की पाण्याचंच वजन १६ किलो, पंप वेगळा. पट्टे खांद्यात रुततात आणि दांडा मारणारा हात एकच. मला ताकद वाढवायची होती म्हणून फलकासन (प्लँक) धरलं : आधी गुडघे टेकवून, मग पाय सरळ. मनगटाच्या बरोबर वर खांदा, आणि छाती खाली लोंबू द्यायची नाही. त्यानंतर भुजंगासन, कोपरं अंगाजवळ ठेवून.
एक गोष्ट कळकळीने सांगतो. फवारून आल्यावर तशाच कपड्यांत दीर्घ श्वास घेत बसू नका. आधी साबण लावून आंघोळ, धुतलेले कपडे, मगच आसन. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आपण पाहिलं आहे.

योगशिक्षक, अमरावती जिल्हा
मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. १९१४ पासूनची संस्था, तिथे आखाडा आणि योग दोन्हींची परंपरा. खांद्याचा सांधा उखळीचा, पण ती उखळी उथळ असते. म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि सांधा जागेवर धरून ठेवण्याचं काम भोवतालच्या चार छोट्या स्नायूंवर येतं. हात पूर्ण वर नेतो त्यातला साधारण तिसरा हिस्सा खवाट्याच्या फिरण्यातून येतो. खवाटा आखडला की सगळा भार त्या चार स्नायूंवर.
शेतकऱ्याच्या अंगात ताकद असतेच, ती पुढच्या बाजूला जास्त असते. त्यामुळे मी आधी मोकळं करायला सांगतो, बळ नंतर. सूर्यनमस्कारात अनेकांचे खांदे अष्टांगासनात (छाती-हनुवटी-गुडघे जमिनीला टेकतात त्या स्थितीत) दुखावतात, कारण अंग धपकन खाली सोडतात. श्वास सोडत हळू उतरा. जमत नसेल तर आधी गुडघे टेकवा.

शिवणकाम करणारी, अचलपूर
गरुडासनातले फक्त हात, छातीसमोर एकमेकांत गुंफलेले. मशीनसमोर बसूनच. दोन ब्लाउजच्या मध्ये एकदा.

निवृत्त, उमरखेड तालुका
मला शुगर आहे. डावा खांदा असा आखडला की वेणी घालता येईना. डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर सांगितलं, शुगरवाल्यांना तो जास्त होतो म्हणाले. पहिले काही महिने रात्री कुशीवर वळवत नव्हतं. तेव्हा आसनं नाहीच, फक्त वाकून हात झोक्यासारखा हलवणं. दुखणं ओसरल्यावर गोमुखासन, तेही मागे दुपट्टा धरून. वरच्या हाताने दुपट्टा हळू ओढायचा, खालचा हात आपसूक वर सरकतो. हात वर्ष उलटल्यावर सुटला. घाई करणाऱ्यांना एवढंच सांगते की हा आजारच लांबणारा आहे.

संत्राबागवाला, वरूड
तोडीच्या दिवसांत क्रेट कायम उजव्या खांद्यावर. डावीकडे वजन घेतलं तर चालताच येत नाही. दोन्ही बाजू सारख्या करायला काय करावं?

धागाकर्ती
दादा, क्रेट एका खेपेला उजवीकडे, दुसऱ्या खेपेला डावीकडे घ्या. सुरुवातीला डावीकडचा अर्धाच भरा. संध्याकाळी ताडासन आणि गोमुखासन, जी बाजू आखडली आहे तिला जास्त वेळ द्या.
सगळ्यांसाठी : खांद्यासोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर आसन करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल तरी आधी तपासून घ्या.

बांधकामावर टोपलं डोक्यावर वाहणाऱ्या बायांपैकी कोणी लिहाल का? मान आणि खांदा दोन्हींवर भार असताना काय मानवतं, ते इथे अजून आलं नाही.