जिझोचे लाल लाळेरे: लोकांची माया की भीतीचा धंदा?

धागाकर्ता: जपानमध्ये वाटेच्या कडेला, शिवेवर आणि दफनभूमीच्या तोंडाशी जिझो, म्हणजेच क्षितिगर्भ बोधिसत्त्व, मुंडण केलेल्या भिक्षूच्या रूपात उभा असतो आणि त्याच्या गळ्यात भाविकांनी बांधलेले लाल लाळेरे असते. नरक रिकामे होईपर्यंत बुद्धत्व स्वीकारणार नाही, ही त्याची प्रतिज्ञा परंपरेने मानली आहे. मात्र मेलेली मुले साई नो कावारा या नदीकाठी लगोरीसारखे दगड रचतात, राक्षस ते उधळतात आणि जिझो त्या मुलांना बाह्यांत लपवतो, ही कथा मागाहून जपानमध्येच घडली. १९७० च्या दशकापासून याच कथेच्या आधारे ‘मिझुको कुयो’, म्हणजे न जन्मलेल्या जीवांसाठीचा विधी, फोफावला आणि जीवाचा कोप होईल असे बजावून शोकात असलेल्या स्त्रियांना मूर्ती विकल्या गेल्या. याला लोकश्रद्धा म्हणणे मला मान्य नाही.

प्रतिसाद १: असहमत. जिझो ग्रंथांपेक्षा लोकांनीच अधिक घडवला आहे. तोक्योच्या कात्सुशिका भागातील जिझो घ्या: कापड चोरीला गेले तेव्हा न्यायाधीश ओओका यांनी, राखण केली नाही म्हणून, या मूर्तीलाच दोरांनी बांधून आणवले आणि बघायला जमलेल्या गर्दीतून चोर शोधला, अशी दंतकथा आहे. आजही लोक नवस बोलून तिला दोर बांधतात. मूर्ती दोरांखाली दिसेनाशी होते आणि वर्षअखेरीस ते सोडवले जातात. यालाही कोणत्या सूत्राचा आधार नाही. १८६८ नंतरच्या बौद्धविरोधी लाटेत अनेक मूर्तींची डोकी उडवली गेली, तरी लोकांनी कित्येक धडांवर नवी डोकी बसवून पूजा चालू ठेवली. हे भीतीपोटी होत नाही.

धागाकर्ता: आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. दोर बांधणारा आपली इच्छा घेऊन येतो, तर मिझुको विधीत पुष्कळदा शापाचा धाक घालून भाविकाला बोलावले जाते. जोदो शिन्शू या मोठ्या पंथाने हा विधी नाकारला आहे, तो याच कारणाने.

प्रतिसाद २: धाक घालणाऱ्या मंदिरांवर जरूर टीका व्हावी. परंतु गर्भ गमावलेल्या आईला शोक व्यक्त करायला समाजाने दुसरी जागाच दिली नसेल, तर तिने बांधलेल्या लाळेऱ्याला धंदा म्हणण्याचा अधिकार आपल्याला कसा पोचतो? वेरूळच्या बाराव्या लेण्यातही आठ बोधिसत्त्वांत क्षितिगर्भ आहे. तिथे कोणी त्याच्याकडे मूल सोपवत नाही. जपानी आयांनी ते काम त्याला दिले, आणि विक्रेते त्यानंतर आले.