मुलांच्या कॉलेज प्रवेशाचे दिवस: तुमच्या घरी कोणी काय केलं?

माझी मुलगी बारावीत आहे. घरात आत्तापासूनच कट-ऑफ, राऊंड, पर्सेंटाइल सुरू झालंय. क्लासवाले, नातेवाईक, सोसायटीतले सगळेच सल्ला देतात. पण प्रवेशाच्या त्या दोन-तीन महिन्यांत आईवडिलांनी नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. मला वाटतं, कागद, तारखा आणि पैसे ही मोठ्यांची कामं, आणि पसंतीक्रम मुलांचा. प्रत्यक्षात ते कसं जमतं हे ज्यांच्या घरी होऊन गेलंय त्यांनीच सांगावं. इंजिनिअरिंग-मेडिकलच नको, सगळ्या वाटांचं लिहा.

एक आई, सांगली

मुलगा २०२५ च्या कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला गेला. त्या वर्षी तीनऐवजी चार राऊंड झाले आणि नियमही बदलले. पहिल्या राऊंडला पहिली पसंती लागली तर ती घ्यावीच लागते, पुढचे राऊंड बंद. दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीन पसंतींना तोच नियम, तिसऱ्याला पहिल्या सहांना. त्यामुळे वरच्या सहा ओळींत 'असू दे, टाकून ठेवू' म्हणून काही लिहायची सोय राहिली नाही. तिथे लिहिलेलं प्रत्येक कॉलेज लागलं तर आनंदाने जाणार का, हे त्याला विचारावं लागलं, आणि आम्हालाही.

आम्ही एक केलं. त्याने त्याची यादी एकट्याने केली, मी आणि ह्यांनी आमची वेगळी, आणि रविवारी सकाळी तिन्ही कागद शेजारी ठेवले. आमच्या दोघांच्या याद्यांत वर पुण्याची कॉम्प्युटर होती. त्याच्या यादीत वर मेकॅनिकल, इथल्या वालचंद कॉलेजला. हे पटायला मला वेळ लागला, कारण ज्याला त्याला विचारावं तो कॉम्प्युटरच सांगत होता. मग मी त्याला म्हटलं, का ते मला समजावून सांग. तो तासभर बोलला. गेली दोन वर्षं तो मामाच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीत का जात होता, हे मला त्या दिवशी कळलं. यादी त्याचीच भरली. दुसऱ्या राऊंडला लागलं.

कट-ऑफची पीडीएफ वाचायला शिका, हे मात्र सगळ्यांना सांगेन. त्यातले कोड पहिल्यांदा डोक्यावरून जातात. जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची जागा, मध्ये प्रवर्ग, शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. आपल्याला लागू नसलेल्या रकान्यातला आकडा बघून लोक खचतात नाहीतर हुरळतात. आणि आजी-आजोबांना पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे हे आधीच सांगून ठेवा. शंभरातले किती जण आपल्या मागे आहेत त्याचा तो आकडा असतो.

एक वडील, लातूर जिल्हा

मी फक्त व्हॅलिडिटीबद्दल लिहितो, कारण ऐन प्रवेशात मुलांचं सगळ्यात जास्त रक्त आटतं ते यातच. जात प्रमाणपत्र वेगळं आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. दुसरं जिल्हा पडताळणी समिती देते आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला आरक्षणाची जागा घ्यायची तर ते लागतंच. फाईल मूल अकरावीत असतानाच टाका. बारावीचा निकाल लागल्यावर सगळा जिल्हा एकदम समितीच्या दारात उभा असतो.

पुरावा जुना लागतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. आम्ही ओबीसीत. माझे वडील शाळेतच गेले नाहीत, मग उतारा आणायचा कुठून? चुलते तिसरीपर्यंत शिकलेले. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी जुनी दप्तरं काढून प्रवेश निर्गम रजिस्टरात त्यांची नोंद शोधून दिली. पानं सुटी झालेली, पण शाई शाबूत होती. त्या उताऱ्याला वंशावळीचं शपथपत्र जोडलं. रजिस्टरात आजोबांचं नाव 'गणपती' आणि सातबाऱ्यावर 'गणपत', त्याचंही शपथपत्र केलं. एकेक कागद जमवत गेलो. लेक तेव्हा अभ्यासाला बसलेली असायची, तिला यातलं काही कळू दिलं नाही. तिने फॉर्म भरला त्या दिवशी प्रमाणपत्र फाईलमध्ये तयार होतं.

ज्यांचं आलेलं नाही त्यांनी घाबरू नये. अर्ज केल्याची पावती दाखवून फॉर्म भरता येतो. पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दाखवलं नाही तर खुल्या प्रवर्गात धरतात, तेव्हा तारखेवर डोळा ठेवा.

फिजिओथेरपीला शिकणारी एक विद्यार्थिनी

मी पालक नाही, पण माझ्या आईबाबांबद्दल लिहावंसं वाटलं. माझी नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, २०२४ ची. ४ जूनला निकाल आला. मग ग्रेस मार्कांचा वाद, १५६३ जणांची फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्ट, जुलैत पुन्हा सुधारित निकाल, आणि काउन्सेलिंग सुरू व्हायला ऑगस्ट. मला जेवढे मार्क होते तेवढ्यावर आदल्या वर्षी सरकारी एमबीबीएस मिळालेल्या मुली माझ्या ओळखीच्या होत्या. त्या वर्षी त्याच मार्कांची रँक कुठल्या कुठे गेली.

त्या दिवसांत बाबांनी एक काम अंगावर घेतलं: फोन. काका, आत्या, त्यांच्या ऑफिसातले लोक, सगळ्यांना 'अजून ठरलं नाही, ठरलं की मीच कळवतो' एवढंच सांगायचे. माझ्यापर्यंत एकही 'मग आता काय?' आला नाही. आईने रिपीटबद्दल, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देण्याबद्दल, एकदाच विचारलं आणि म्हणाली, घाई नाही, आठ दिवसांनी सांग. आठ दिवस खरंच तिने विषय काढला नाही. ऑल इंडियाच्या पंधरा टक्के जागांची नोंदणी वेगळी आणि राज्याची वेगळी, दोन्हीकडची फी आणि कागद ती आपणहून बघत होती.

फिजिओलाही राज्यात नीटच्याच मार्कांवर प्रवेश होतो, हे मला तोवर धड माहीतही नव्हतं. ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टकडे आईने मला बसायला पाठवलं. पक्षाघातानंतर पहिल्यांदा पेला धरणारे एक आजोबा मी तिथे पाहिले. मी फॉर्म स्वतः भरला. मला रिपीट करायचं नव्हतं, आणि ते सांगताना मला भीती वाटली नाही, हे त्या दोघांमुळे.

एक आई, न्यू जर्सी

वरचं वाचून डोळे भरून आले. आम्ही दोघं महाराष्ट्रात बारावीच्या मार्कांवर कॉलेजात गेलेलो, त्यामुळे इथली पद्धत मुलीबरोबरच शिकलो. पैशाचं मात्र आम्ही तिच्या बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात स्पष्ट बोललो. दरवर्षी आम्ही किती देऊ शकतो, तो आकडा तिला सांगितला. इथे प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. उत्पन्न वगैरे भरलं की मदत वजा जाता अंदाजे किती पडेल ते कळतं. तिने तिच्या यादीतल्या सगळ्या कॉलेजांचं ते स्वतः काढलं आणि दोन नावं स्वतःच खोडली.

अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करण्याचा, विचार करणाऱ्यांनी लक्षात घ्या, त्यावर पालकांचीही सही असते आणि प्रवेश मिळाला तर तो बांधील असतो. मदतीची पाकिटं शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर तो रस्ता नको. फाफ्साला, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जाला, पालकांना स्वतःचं वेगळं खातं उघडावं लागतं, ते आधीच करून ठेवा. एच-४ वरच्या (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलांना ती सरकारी मदत मिळत नाही, त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना मदत देणारी कॉलेजं वेगळी शोधावी.

निबंधाला हात लावला नाही. साडेसहाशे शब्दांत तिने आमच्या गावच्या लायब्ररीतल्या शनिवारच्या कामाबद्दल लिहिलं. ह्यांना वाटत होतं रोबोटिक्सच्या बक्षिसावर लिहावं. ते बोलले नाहीत, हे मला फार आवडलं.

एक मावशी, नाशिक

भाचीचं लिहिते. तिची आई पोळी-भाजी केंद्र चालवते, फॉर्मचं सगळं माझ्याकडे होतं. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलं, मग डिप्लोमाच्या मार्कांवर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही वाट लोक विसरतात. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला नाही. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर पूर्ण फी मागितली. मी शासन निर्णयाची प्रत बरोबर नेली होती, ती पुढे केली. थोडं थांबवलं, मग आत विचारून आले आणि घेतला प्रवेश. मेस आणि हॉस्टेलचा खर्च यात येत नाही, तो वेगळा धरून चला.

एक वडील, पुणे

मुलाने दहावीला ९३ टक्के असताना आर्ट्स घेतलं. 'मार्क असून आर्ट्स?' हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच लोकांना सांगायला लागलो, फर्ग्युसनच्या आर्ट्सचा कट-ऑफ बघा, नव्वदीच्या पुढे असतो. त्याला अर्थशास्त्र करायचंय. मी इंजिनिअर आहे, मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तो वर्तमानपत्रातलं जे वाचतो ते रात्री जेवताना मला सांगतो. आम्हा दोघांचाही दिवसातला हा वेळ आवडता आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरच्या दादांना एक विचारते, आरक्षणासाठी लागणारं नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचं) प्रमाणपत्र आमच्याकडे आहे, पण मुदत येत्या ३१ मार्चला संपते. ते चालेल का?

एक वडील, लातूर जिल्हा

नाही चालणार, ताई. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध हवं. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि एप्रिल उजाडला की लगेच सरकारी दाखल्यांच्या सेतू केंद्रात अर्ज करा. जूनमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते.