बागेतले मीटर, पाइप आणि चेंबर तुम्ही कसे झाकलेत? आपले अनुभव सांगा

नेरूळ

आमच्या रो-हाउसच्या मागे १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब अंगण आहे. दिवाळीनंतर तिथे चांगली माती भरून कडेने अनंत, मोगरा आणि कर्दळ लावली, बसायला दगडी बाक केला. आणि सगळे मनासारखे झाल्यावर बैठकीच्या खिडकीतून पाहिले, तर फुलांच्या आधी डोळ्यांत भरली ती सांडपाण्याच्या दोन चेंबरांची सिमेंटची झाकणे, एसीचे बाहेरचे युनिट, पिवळा गॅसपाइप आणि गच्चीवरून उतरणारा चार इंची पांढरा पाइप. यांपैकी काहीही हलवता येणार नाही. दुकानात मिळणारी प्लॅस्टिकच्या पानांची जाळी मला लावायची नाही. चार महिने कोसळणारा पाऊस आणि खाडीवरची खारी हवा सोसून ठाणे-नवी मुंबईत प्रत्यक्ष टिकलेले उपाय मला हवे आहेत. फसलेले प्रयत्नही कृपया लिहावेत, कारण माझ्या दृष्टीने तेही तितकेच मोलाचे आहेत.

वाशी

माझा अनुभव गॅसमीटरचा आहे आणि तो सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर मीटर आणि मुख्य व्हॉल्व्ह आहे. ते दिसू नये म्हणून मी शेजारी जुई लावली. तीन पावसाळ्यांत तिने मीटर पुरता वेढला, आणि संध्याकाळी तिच्या सुगंधाने स्वयंपाकघर भरून जाऊ लागल्यावर तिला कात्री लावण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. एका जुलैमध्ये त्या सुगंधात सडलेल्या कोबीसारखा वास मिसळला. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे रसायन मिसळतात, हे मला ठाऊक होते. मी धावत बाहेर गेलो, परंतु व्हॉल्व्हपर्यंत हातच पोहोचेना. पावसात, अंधारात, दिव्याचे बटणसुद्धा न दाबता फांद्या कापत तिथवर पोहोचायला दहा मिनिटे लागली. घरात तेव्हा माझी आई आणि लहान मुलगी होती, त्यामुळे ती दहा मिनिटे मी विसरू शकत नाही. गळती एका जोडावर होती, लहान होती आणि त्याच रात्री दुरुस्त झाली.

जुई आता दोन फूट बाजूला, स्वतंत्र कमानीवर आहे. मीटरसमोर सागाच्या पट्ट्यांची दोन दारे केली आहेत. पट्ट्यांमध्ये बोटभर फट आहे, दारांच्या वर आणि खाली जागा मोकळी आहे आणि कुलूप नाही. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर वर निघून जातो, मात्र बंद कपाटात तो छताखाली साठतो. म्हणून सुताराने सुचवलेले फळ्यांचे बंद कपाट मी नाकारले. दांडी पाइपाला आडवी असली की व्हॉल्व्ह बंद, हे कामाला येणाऱ्या मावशींनाही दाखवून ठेवले आहे.

घोडबंदर रस्ता, ठाणे

तळमजल्यावरच्या आमच्या घराला छोटी बाग आहे आणि एसीची दोन युनिटे तिथेच उघडी बसवलेली आहेत. मी सुरुवातीला हिरवे शेडनेट गुंडाळून त्यावर कर्टन क्रीपर सोडला. एप्रिलपर्यंत दृश्य सुरेख होते. मे महिन्यात मात्र एसी वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप बंद पडू लागला. हे युनिट मागून आणि बाजूने हवा ओढून घेते आणि घरातली उष्णता पुढून बाहेर फेकते. जाळीमुळे तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जात होती आणि कॉम्प्रेसरवर ताण येत होता. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने जाळी काढताच तक्रार थांबली. समोर ठेवलेली नेच्याची कुंडी त्या गरम झोताने आधीच करपली होती.

त्यानंतर जे सुचले ते मला या सगळ्या खटाटोपातले सर्वांत उपयोगी वाटते. पडदा वस्तूला चिकटून लावण्याऐवजी पाहणाऱ्याच्या जवळ लावावा. व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर बसून मी पत्नीला पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन बागेत निरनिराळ्या ठिकाणी उभे राहायला सांगितले. युनिटाजवळ ते झाकायला पाच फूट रुंद पुठ्ठा लागत होता, झोपाळ्याजवळ दीड फूट पुरत होता. म्हणून युनिटे मोकळी ठेवली आणि व्हरांड्याच्या कडेला अरेका पामच्या तीन कुंड्या ठेवल्या. बागेत फिरताना युनिटे दिसतात, परंतु जिथे आम्ही रोज बसतो तिथून ती दिसत नाहीत. एसीतून ठिबकणारे पाणी नळीने याच कुंड्यांकडे वळवले आहे. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. त्यातून पोषणही मिळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा गांडूळखत घालतो.

ऐरोली

चेंबरबद्दल लिहिते. आमच्या अंगणाच्या अगदी मध्यावर चेंबर आहे, आणि त्यावर तुळशीवृंदावन बांधावे असे मला वाटले होते. गवंड्याशी बोलणेही झाले होते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, खाली गटार आणि वर तुळस, मला सांजवात लावताना कसं वाटेल?” त्यांचे म्हणणे मला पटले, आणि पुढच्याच पावसाळ्यात शेजाऱ्यांची आणि आमची सामाईक लाइन तुंबल्यावर आणखी पटले, कारण वृंदावन बांधले असते तर ते त्या दिवशी फोडावे लागले असते.

मग आम्ही परातीसारखे खोलगट लोखंडी झाकण करून घेतले. त्यात तीन इंच माती भरून ऑफिसटाइमची रोपे लावली. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास ते झाकण गुलाबी आणि पिवळ्या फुलांनी भरत असे. पावसात ती रोपे कुजली, आणि ओल्या मातीने झाकण इतके जड झाले की दोन माणसांना आकडे लावून उचलावे लागले. खाऱ्या हवेने कडाही गंजल्या. सध्या मूळचे सिमेंटचे झाकणच ठेवले आहे, त्यावर आजूबाजूच्या फरशीच्या रंगाची खडी पसरली आहे आणि चाके लावलेल्या पाटीवर अबोलीच्या तीन कुंड्या आहेत. पाय लावून पाटी सरकवली की झाकण मोकळे होते. तुळस आता पूर्वेच्या भिंतीशी आहे.

नौपाडा, ठाणे

आमच्या जुन्या बैठ्या घरात झाकण्यापेक्षा रंगाने जास्त काम केले. पाण्याचे पाइप आणि पंपाची पेटी आधी पोपटी हिरव्या रंगात रंगवली होती. त्यामुळे ती उलट लांबूनही उठून दिसू लागली. झाडांमध्ये तसा एकसारखा तकतकीत हिरवा कुठेच नसतो. नंतर शेवाळाकडे झुकणारा, काळपट, बिनचमकीचा हिरवा दिला. भिंतीवरचे पाइप भिंतीच्याच रंगाचे केले. पाण्याच्या मीटरचे काचेचे तोंड तेवढे सोडावे.

येऊर

येथे सांडपाण्यासाठी आमची स्वतःची सेप्टिक टाकी आहे, त्यामुळे प्रश्न थोडा वेगळा आहे. टाकीच्या वायुवाहिनीचा उभा पाइप फार कुरूप दिसतो, म्हणून त्यावर मधुमालती चढवली होती. ती तोंडापर्यंत पोहोचली, तोंड पानांनी बुजले आणि आठवड्याभरात न्हाणीघरात दुर्गंधी येऊ लागली. ते तोंड छपराहून उंच आणि मोकळे असले पाहिजे. डासांसाठी त्यावर फक्त बारीक जाळी बांधावी. टाकीच्या स्लॅबवर आम्ही उथळ मुळांची लिली लावली आहे. उंबर किंवा बांबू तिथे कदापि लावू नये, कारण ओलाव्याच्या शोधात मुळे सांध्यांत शिरतात.

बोअरवेलच्या तोंडावर आणि व्हॉल्व्हवर मी बांबूचे डालगे पालथे घालतो. कोंबड्या झाकायचे, गावाकडून आणलेले साधे डालगे आहे, आणि बागेत ते अगदी आपले वाटते. हवा खेळती राहते, उचलायला हलके असते. दोन पावसाळ्यांनंतर नवे आणावे लागते. उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहणे मात्र येथे आवश्यक आहे, कारण जंगल कुंपणापलीकडेच आहे आणि अशा थंड सावलीत साप विसावतात.

कोपरखैरणे

अर्थिंगच्या खड्ड्याचा कोणी उल्लेख केलेला नाही. आमच्याकडे त्याभोवती लावलेली सगळी रोपे दोनदा मेली. जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात कोळशाबरोबर मीठ घातलेले असते, हे नंतर समजले. आता तिथे गोटे आहेत आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायची नळी त्यांच्यामध्ये उघडी ठेवली आहे.

नेरूळ

सर्वांचे मनापासून आभार. वाशीचा अनुभव वाचून गॅसपाइपाजवळ लावलेले कृष्णकमळाचे रोप आजच उपटून कुंपणाशी नेले. चेंबरवर चाकांची पाटी ठेवणार आहे, आणि पुठ्ठा हातात घेऊन बागेत उभे राहण्याचा प्रयोग रविवारी करू. आता गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाचे काय करावे?

बेलापूर

तो पाइप आम्ही झाकला आहे आणि पाच पावसाळे निभावले आहेत. वेल पाइपावर थेट चढवू नये, कारण वजनाने क्लॅम्प सुटतात. आम्ही पाइपापासून चार इंच पुढे, भिंतीतल्या स्टेनलेस स्टीलच्या आकड्यांवर नायलॉनच्या दोऱ्या ताणल्या आणि त्यांवर गोकर्ण सोडली. पाइपावर थेट ऊन पडत नसल्याने पीव्हीसी लवकर ठिसूळ होत नाही, हा आणखी एक लाभ झाला. गोकर्ण दरवर्षी मे महिन्यात जमिनीपासून हातभर ठेवून छाटतो आणि तेव्हाच पाइपाचे सांधे तपासतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे आणि उंबराचे बी याच सांध्यांत पडते, आणि पहिल्या पावसानंतर दोन पानांचे रोप वर येते. ते तेव्हा बोटांनी निघते. एके वर्षी आजारपणामुळे आमची छाटणी राहिली आणि वेलीमागे पिंपळ दिसला नाही. दिवाळीत रंगकाम काढले तेव्हा त्याचे मूळ भिंतीच्या आत शिरलेले होते आणि प्लास्टर तीन फूट फोडावे लागले. म्हणून वेल कोणतीही निवडा, मात्र ती वर्षातून एकदा पूर्ण खाली उतरवता येईल अशीच निवडा.