एमजीबीला एसयूचीच जोडी बसवा
धुळ्याच्या दादांनी विचारलंय, एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे) काढून एकच वेबर ४५ कार्ब्युरेटर बसवू का? दादा, नका बसवू. रोजच्या वापरातल्या १७९८ सीसी इंजिनाला एसयूच्या एचएस४ मॉडेलची जोडी भरपूर झाली. आधी थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, शाफ्ट बोटाने हलवून बघा. खडखडला, तर तिथूनच हवा ओढली जातेय. मग कितीही स्क्रू पिळा, आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं संथ फिरणं) जागेवर येणार नाही. अशा वेळी सरळ नवी जोडी घ्या. बसवल्यावर पेट्रोल सोडणारा जेट पूर्ण वर घेऊन त्याचा नट दोन फेरे खाली, ही सुरुवात. मग रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटरमध्ये शिरणाऱ्या हवेचा आवाज जुळवा.

हीट शील्ड, म्हणजे कार्ब्युरेटरला इंजिनाच्या उष्णतेपासून वाचवणारा पत्रा, मात्र काढून टाकू नका! आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात गाडी जरा उभी केली की कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं (छोट्या टाकीतलं) पेट्रोल उकळतं आणि इंजिन परत चालू व्हायला रडतं. पेट्रोलचे पाइपही त्यात मिसळलेल्या इथेनॉलला टिकणारे घ्या.